गांठ सुटल्यानंतर

आपल्या घरांतून कांहीं शब्द उच्चारावयाचे नाहींत असा जुना दंडक आहे. रात्रीं सापाला साप म्हणावयाचें नाहीं, लांबडें म्हणावयाचें. बांगडी फुटली तरी ती फुटली म्हणावयाची नाहीं, वाढवली म्हणावयाची. करंड्यांतलें कुंकू संपलें तर तें वाढलें म्हणावयाचें. या यादींत एक जोडशब्द असा आहे कीं त्याचा पूर्वार्ध लाजेमुळें तोंडांतून निघत नाहीं आणि उत्तरार्ध भीतीमुळें. स्तनाचा कर्करोग हा तो शब्द. तो ज्या बाईच्या वांट्यास येतो तिला गांवांत नुसतें 'तें' झालेलें असतें. "त्यांना तें झालंय" एवढें म्हणून सांगणारी डोळे खालीं करते आणि ऐकणारी नकळत पदर सांवरते.

हें 'तें' आमच्या घरीं येऊन गेलें. मुळशीच्या तलावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशींत आमचें घर आहे. या मुलुखांत मृगाचा पाऊस पडला कीं शेताच्या बांधांवर खेकडे दिसूं लागतात आणि मुलें हातांत टोपल्या घेऊन त्यांच्यामागें धांवतात. कर्क म्हणजे खेकडा, आणि फुगलेल्या शिरांमुळें ही गांठ खेकड्यासारखी दिसते म्हणून ग्रीक वैद्यांनीं तिला दोन हजार वर्षांपूर्वीं हें नांव दिलें, असें आम्हीं आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या बाईंना एकदां सांगितलें. त्या क्षणभर विचारांत पडल्या आणि म्हणाल्या, "खेकडाच ना? मग त्याची नांगी मोडायची, वैनी. आन् काय!" त्या भयंकर शब्दाची आमच्या मनांतली दहशत प्रथम कमी झाली ती या एका वाक्यानें.

या लेखांत सर्वत्र 'आम्ही' असें अनेकवचन येईल. तो कांहीं संपादकी थाट नव्हे. शस्त्रक्रिया एकाच देहावर झाली हें खरें. परंतु पथ्य सासूबाईंनीं पाळलें, रात्रीं यजमान जागले, नवस वन्संनीं केले आणि औषधाच्या वेळा दुसरींतल्या नातीनें आपल्या वहीवर लिहून ठेवल्या. या आजाराची मालकी नक्की कोणाची हें ठरवूं गेल्यास तंटा कूळकायद्यापर्यंत जाईल. म्हणून जें भोगलें तें आम्हीं भोगलें, आणि हंसलों तेहि आम्हीच हंसलों.

आजाराविषयीं पुष्कळ लिहिलें जातें, आजार सरल्यानंतरच्या दिवसांविषयीं फारसें लिहिलें जात नाहीं. शेवटची मात्रा झाली, किरणांचे फेरे संपले, डॉक्टरांनीं "आतां सहा महिन्यांनीं या" म्हणून सांगितलें, कीं घरोघर पेढे वाटले जातात आणि लोकांच्या दृष्टीनें प्रकरण मिटतें. परंतु लग्न उरकलें, मांडव उतरला, तरी कांहीं पाहुणे जावयाचें नांव घेत नाहींत. या रोगाच्या उपचारांमागूनहि असेच कांहीं पाहुणे घरांत मुक्काम ठोकून राहतात. त्यांतील चौघांची ओळख वाचकभगिनींना करून द्यावी असें मनांत आहे.

पहिला पाहुणा इतका उतावळा, कीं तो लग्नाच्या आधींच येऊन बसतो. कर्करोगाच्या पेशी झपाट्यानें वाढतात, म्हणून झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींना मारणारें औषध शिरेंतून देतात. पण केंसांचीं मुळें, तोंडाच्या आंतील त्वचा, रक्त घडविणाऱ्या पेशी याहि झपाट्यानेंच वाढत असतात, आणि औषधाला आपपरभाव नसतो. पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत फणीबरोबर केंसांचे पुंजके हातांत येऊं लागतात. शेवटीं आम्हींच यजमानांच्या दाढीच्या यंत्रानें उरलेले केंस काढविले.

स्त्रीचें मुंडन म्हटलें कीं आपल्या समाजाच्या अंगावर जो कांटा येतो त्यामागें जुनी जखम आहे. आमच्या सासूबाई आज शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या लहानपणीं त्यांच्या घरांत त्यांची एक आत्या होती. आलवणांत गुंडाळलेली, न्हाव्यापुढें बसविलेली, स्वयंपाकघरापलीकडचें जग ठाऊक नसलेली. सुनेचें डोकें पाहून त्या तीन दिवस आमच्यासमोर आल्या नाहींत. चौथ्या दिवशीं आपल्या एका धुवून धुवून मऊ झालेल्या नऊवारीचा पदर फाडून घेऊन आल्या, स्वतःच्या हातानें तो आमच्या डोक्याला बांधला आणि म्हणाल्या, "आत्याला न्हाव्यासमोर बसवली तेव्हां तिला कुणी विचारलं नाहीं. तुझ्या डॉक्टरांनीं निदान कागदावर सही मागितली. तिचे केंस कधीं वाढूं दिले नाहींत, तुझे वाढतील. रडायचंच असेल तर तिच्यासाठीं रड." त्या दिवशीं आम्ही दोघी त्या कधीं न पाहिलेल्या आत्यासाठीं पोटभर रडलों.

पुण्यास जातांना आमची एस्. टी. पौड, पिरंगुट, भूगांव करीत चांदणी चौकांतून कोथरूडास उतरते आणि पुढें कर्वे पुतळ्यापाशीं पोहोंचते. धोंडो केशव कर्व्यांनीं १८९३ सालीं गोदूबाईंशीं, म्हणजे एका विधवेशीं, विवाह केला आणि पुढें १९०० सालीं विधवांचा आश्रम जवळच्या हिंगण्यास नेला. उपचारांच्या त्या महिन्यांत दर खेपेस तो पुतळा आला कीं सासूबाई खिडकींतून हात जोडीत. बोडक्या डोक्याची बाई नवऱ्याशेजारीं बसून, भुईमुगाच्या शेंगा खात, राजरोस प्रवास करते आहे, हें दृश्य अण्णांना दाखवावयास मिळालें याचा त्यांना मोठाच आनंद होई.

पुढें केंस आले ते कुरळे आले. कित्येकींना असे येतात. कांहीं महिन्यांनीं ते बहुधा पूर्ववत् होतात. "हें औषध आधीं ठाऊक असतं," सासूबाई म्हणाल्या, "तर पाहण्याच्या वेळींच दिलं असतं. तेव्हां तुझे केंस अगदीं शेवयांसारखे सरळ होते."

दुसरा पाहुणा हाताचा. गांठ काढतांना बहुधा कांखेंतील रसग्रंथीहि काढाव्या लागतात. शरीरांतील एक प्रकारचें पाणी वाहून नेणारे ते पाट. ते तोडले म्हणजे पाणी तुंबतें आणि हात सुजतो. धरणाच्या गांवच्या माणसांना हें समजावून सांगावें लागत नाहीं. पूर्वीं हा त्रास फार होई, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत हॅल्स्टेड यांनीं रूढ केलेल्या शस्त्रक्रियेंत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि कांखेंतील सारेंच काढून टाकीत. इटलींतील वेरोनेसी व अमेरिकेंतील फिशर यांनीं १९८० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें, कीं लवकर सांपडलेल्या गांठीसाठीं इतकें कापावें लागत नाहीं. गांठ तेवढी काढून किरण दिले तरी बाई तितकीच जगते. आतां कांखेंतीलहि पहिल्या दोन-चार ग्रंथी तपासून पाहतात आणि त्या निर्दोष असतील तर बाकीच्यांना हात लावीत नाहींत. आमची गांठ उशिरा सांपडली, म्हणून आम्हांला जुन्याच मानाचें दान द्यावें लागलें.

या दानाविषयीं सासूबाईंचें मत ऐकण्यासारखें आहे. १९२१ सालच्या रामनवमीला मुळशीच्या शेतकऱ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला, सेनापति बापटांनीं त्यासाठीं तुरुंगवास भोगला, तरी धरण झालेंच; आणि नीला-मुळेच्या खोऱ्यांतील भातशेतांबरोबर आमच्या घराण्याचींहि निम्मीं खाचरें पाण्याखालीं गेलीं. सासूबाई म्हणाल्या, "निम्मीं खाचरं बुडालीं तरी उरल्यांत घराणं चाललं. तुझं तर पावशेरसुद्धां गेलं नसेल." हें बोलणें बाहेरच्या कोणी केलें असतें तर त्याच्याशीं आमचा कायमचा अबोला झाला असता. त्यांच्या तोंडीं तें धीराचें वाटलें, कारण रोज रात्रीं आमच्या हाताला खालून वर हलका हात फिरविणाऱ्या त्याच होत्या.

हात पुन्हां वर जावा म्हणून व्यायाम करावा लागतो. भिंतीसमोर उभें राहून बोटें मुंगीसारखीं वर चालवीत न्यावयाचीं. स्वयंपाकघराच्या ज्या भिंतीवर नातीची उंची दर वाढदिवसाला पेन्सिलीनें मांडलेली आहे, त्याच भिंतीवर आमच्या बोटांची उंची ती दर रविवारीं मांडूं लागली. दोन महिने ती आमच्या पुढें होती. तिसऱ्या महिन्यांत आम्हीं तिला गांठलें तेव्हां तिनें टांचा उंच करून पाहिल्या. या हाताला भाजूं नये, कापूं नये, कांटा लागूं नये म्हणून जपावें लागतें. तो लाल होऊन ताप आला तर घरगुती लेप न लावतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावे लागतात. त्यामुळें विळी, जड घागर आणि पाटा-वरवंटा ही खातीं यजमानांकडे गेलीं. त्यांनीं वाटलेल्या चटणीविषयीं मौन पाळणें हाहि उपचाराचाच एक भाग होय.

तिसरा पाहुणा उन्हाळा. पुष्कळ गांठी स्त्रीच्या अंगांतील एका संप्रेरकावर पोसतात. त्या संप्रेरकाची वाट अडविण्यासाठीं टॅमॉक्सिफेन नांवाची गोळी पांच वर्षें, कधीं कधीं दहा वर्षेंहि, घ्यावी लागते. ही गोळी १९६२ सालीं इंग्लंडांत डोरा रिचर्डसन या बाईंनीं प्रयोगशाळेंत प्रथम सिद्ध केली. हेतु होता संततिनियमनाचा. तें काम तिला मुळींच जमलें नाहीं. पण एका परीक्षेंत नापास झालेली ही गोळी दुसऱ्या परीक्षेंत अशी उत्तीर्ण झाली, कीं तिनें जगांतील लाखों बायकांना वांचविलें. मात्र ती घेणाऱ्या बाईला वेळीं-अवेळीं आंतून भट्टी पेटल्याप्रमाणें होतें. आषाढांत ताम्हिणीकडून पावसाचे लोट येत असतात, घरांतील माणसें घोंगड्या पांघरून शेगडीभोंवतीं बसलेलीं असतात, आणि आम्ही ओटीवर पदरानें वारा घेत उभ्या! पहिल्या वर्षीं शेजारच्या आजींना वाटलें कीं आमच्या अंगांत येतें. त्यांनीं हळद-कुंकू आणून पुढें ठेवलें आणि नातवाच्या नोकरीचें विचारलें. आम्हीं "थोडा धीर धरा" असें सांगितलें. तीन महिन्यांनीं नोकरी लागली. तेव्हांपासून आम्हांला उकडूं लागलें कीं अंगणांत एक-दोन गरजू मंडळी उभीं असतात.

चौथा पाहुणा बोटांच्या टोंकांवर बसतो. पॅक्लिटॅक्सेल म्हणून एक औषध आहे. त्यानें हातापायांच्या नसा बधिर होतात. पोलक्याचे हुक लागत नाहींत, सुईंत दोरा जात नाहीं, आणि चप्पल पायांतून निसटून वाटेंत राहिली तरी पायाला तिची दाद नसते. बहुतेकींचा हा बधिरपणा हळूहळू कमी होतो. कांहींचा थोडा उरतो. देवळांतून एका चपलेनें परत आल्यावर आम्ही त्या औषधावर चिडलों होतों. पण मग आमच्या मुलीनें त्याची कुळकथा सांगितली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नांवाच्या झाडाच्या सालींतून हें द्रव्य ज्या दोघांनीं वेगळें केलें आणि १९७१ सालीं त्याची रचना जगापुढें मांडली, त्यांतील एक मन्सुख वाणी हे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठांत शिकून ते अमेरिकेस गेले, आणि मन्रो वॉल यांच्यासह त्यांनीं हा शोध लावला. औषध आपल्या खानदेशांतल्या माणसाचें निघाल्यावर त्याच्याशीं भांडण तें काय करावयाचें? माहेरच्या माणसाचें बोलणें जसें आपण मनाला लावून घेत नाहीं, तसेंच त्या बधिरपणाचें झालें.

या जोडीचाच आणखी एक शोध आहे, आणि त्याची गंमत आमच्या डोंगरांशीं जुळते. चीनमधील एका झाडांतून १९६६ सालीं त्यांनीं कॅम्टोथेसिन नांवाचें द्रव्य काढलें. त्या झाडाला चिनी भाषेंत आनंदवृक्ष अशा अर्थाचें नांव आहे. तेंच द्रव्य आपल्या सह्याद्रीच्या सदाहरित रानांतील एका झुडपांतहि विपुल सांपडतें. पण त्याची दुर्गंधि अशी, कीं आपल्या लोकांनीं त्याचें नांव ठेवलें नरक्या! त्या द्रव्याच्या वंशांतील एक औषध आज स्तनाच्या कांहीं प्रकारच्या कर्करोगावरहि देतात. एकाच गुणाला एकीकडे आनंद म्हणावें आणि दुसरीकडे नरक, यांत आमच्या उपचारांचें सारें वर्णन आलें. मात्र कोणीं नरक्याचा काढा करूं जाऊं नये. झाडांतलें तें द्रव्य विषारी आहे. शास्त्रज्ञांना त्यांतून औषध घडवावयास पुष्कळ वर्षें लागलीं. शिवाय चोरट्या व्यापारापायीं हें झुडूप रानांतून आधींच उखडलें जात आहे.

या चौघांखेरीज एक रिकामी जागाहि उरते. पोलक्याच्या एका बाजूस कांहीं नसलें म्हणजे केवळ रूपाचाच प्रश्न येतो असें नाहीं. भार एकीकडे झाल्यानें खांदा उतरतो आणि पाठ दुखूं लागते. शहरांत रबरासारखे कृत्रिम स्तन मिळतात, ते महाग असतात. वन्संनीं घरींच सुती कापडाची गोल पिशवी शिवली आणि वजन बरोबर यावें म्हणून तींत नाचणी भरली. ती इतकी बेमालूम झाली कीं आम्ही श्रावणांतल्या हळदीकुंकवाला ऐटींत जाऊन आलों. पण एके दिवशीं ती पिशवी धुतली गेली, आणि मुळशीच्या पावसांत ती वाळणार केव्हां? चार दिवसांनीं हात लावून पाहतों तों शिवणींतून पांढरे कोंब डोकावत होते. वन्संना मेल्याहून मेल्यासारखें झालें. सासूबाईंनीं पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणें म्हणाल्या, "आतां वाळवून दळून ठेवा. सत्त्व होईल." त्या दिवशीं शस्त्रक्रियेनंतर प्रथमच आम्ही इतके हंसलों कीं टांक्यांची जागा दुखली. पुढची पिशवी कापसाची झाली. आंत वजनासाठीं यजमानांनीं कुठूनसे शिशाचे मणी आणून कापडांत शिवून दिले.

येथें एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. हंसल्यानें कर्करोग बरा होत नाहीं. बरा होतो तो शस्त्रानें, औषधानें आणि किरणांनीं, तोहि वेळेवर गेल्यास. "मन प्रसन्न ठेवा म्हणजे झालें," असें सांगणारे हितचिंतक आम्हांला पुष्कळ भेटले. त्यांचा हेतु चांगला होता, परंतु त्या उपदेशाचा मथितार्थ असा निघतो, कीं रोग उलटला तर तो बाईच्याच रडकेपणामुळें उलटला. आधींच आजारी असलेल्या बाईवर आनंदी दिसण्याची आणखी एक वेठ कशाला? अपरात्रीं जाग येते, छातीवरचा तो सपाट व्रण हाताला लागतो, आणि सहामाही तपासणी आठ दिवसांवर आलेली असते. त्या वेळीं विनोद सुचत नाहीं, आणि सुचूंहि नये. तेव्हां आमचे यजमान कांहीं बोलत नाहींत. दिवा लावतात, दोघांपुरता चहा करतात आणि उजाडेपर्यंत शेजारीं बसतात. बधिर बोटांना कपाची ऊब नीट कळत नाहीं, म्हणून आधीं स्वतः कप धरून पाहतात.

हंसण्याला एवढाच नियम आम्हीं घातला आहे, कीं पहिला विनोद ज्याचें दुखणें त्यानें करावा, अथवा ज्यानें रात्रीं उशाशीं बसून तो अधिकार मिळविला आहे त्यानें. हा नियम आम्हीं शिकलों तो रुग्णालयांतील खुर्च्यांवर, शिरेंत सुई टोंचून घेऊन रांगेनें बसलेल्या बायकांकडून. मावळ, वेल्हें, मुळशी, भोर अशा सगळ्या बाजूंच्या त्या असत. तेथें एक लालभडक औषध देतात. इटलींतील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातींतील सूक्ष्म जंतूंपासून तें प्रथम मिळालें. मावळांतल्या एक पाटीलणबाई त्याला कोकम सरबत म्हणत आणि परिचारिकेला "आज साखर कमी पडली, बाय" असें बजावीत. त्यांच्या उपचारांचा खर्च महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेंतून होत असे, तेव्हां "सरकारी सरबत आहे, सोडायचं कशाला?" असाहि त्यांचा युक्तिवाद होता. शेजारच्या कोवळ्या मुलीचे डोळे पाण्यानें भरलेले पाहिले म्हणजे मात्र त्या गप्प होत आणि नुसता तिचा हात धरून बसत.

हा रोग आपल्या मंडळींतला नव्हे अशी एक समजूत चांगल्या शिकलेल्या घरांतूनहि आढळते. तिला आधार नाहीं. पुण्यांत १९८६ सालीं मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र उभें करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांना हाच रोग झाला आणि १९९७ सालीं त्यांतच त्यांचा अंत झाला; दुसऱ्यांचे मोडके संसार सांवरण्याचें काम त्यांनीं आजारपणांतहि टाकलें नाहीं. या रोगाचें संशोधन करणाऱ्यांतहि आपल्याच घरची एक बाई अग्रभागीं होती. १९१७ सालीं पुण्यांत जन्मलेल्या व हुजूरपागेंत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रांत स्तनाच्या कर्करोगाचा आणि आनुवंशिकतेचा संबंध अभ्यासिला. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. त्या शब्दाचा उच्चार त्या प्रयोगशाळेंत रोज करीत होत्या, आणि आपण अजून 'तें' म्हणत आहों!

न उच्चारण्याची किंमत काय पडते तेंहि सांगितलें पाहिजे. गांठ बहुधा दुखत नाहीं. म्हणून बाई ती लपविते आणि घर तिला वेळ देत नाहीं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं एक मोठा प्रयोग आरंभिला. वस्त्यांतील दीड लाखांहून अधिक स्त्रिया त्यांत होत्या. त्यांतील निम्म्या स्त्रियांची तपासणी शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं केवळ हातानें केली. यंत्र नाहीं, सुई नाहीं. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाले. गांठी लवकरच्या अवस्थेंत सांपडूं लागल्या, आणि पन्नाशीवरील स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ तीस टक्क्यांनीं घटले. पांच मिनिटांची तपासणी आणि एक जाणता हात, एवढ्यानें हें झालें. हळदीकुंकवाला आपण जितका वेळ वाणाची वाटी निरखण्यांत घालवितों त्याहून हा वेळ अधिक नाहीं.

आमच्या घरींहि लपविण्याचा प्रसंग येऊन ठेपला होता. धाकट्या मुलीला नाशिकचें एक स्थळ आलें. मंडळी यावयाच्या आदल्या रात्रीं घरांत खलबत झालें. वन्संचें म्हणणें, "वहिनी, लग्न होईपर्यंत कुठं बोलायचं नाहीं. आईला झालं तें मुलीला होणार असंच लोक धरून चालतात." शास्त्र असें सांगतें, कीं या रोगाच्या शंभर बायकांत पांच ते दहाजणींनाच तो रक्तांतून आलेल्या दोषानें होतो, तो दोष शोधण्याची परीक्षा आहे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें आमची ती होऊन निर्दोष ठरलेली होती. पण हें सारें कांदेपोह्यांच्या बशा फिरत असतांना कोण ऐकून घेणार? शेवटीं मुलगीच म्हणाली, "आईचा आजार लपवून ज्या घरांत शिरायचं, त्या घरांत मला पुढं कांहीं झालं तर मी कुणाला सांगूं?" यावर कोणापाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं चहा झाल्यावर आम्हीं तें उघड सांगितलें. 'तें' न म्हणतां पूर्ण नांव घेऊन सांगितलें. पुरुष मंडळींनीं एकदम पावसापाण्याचा विषय काढला. मुलाच्या आई कांहीं न बोलतां उठल्या, आंत स्वयंपाकघरांत आमच्यामागें आल्या, दार लोटलें आणि हळूच विचारलें, "कुठली बाजू हो तुमची?"

"उजवी."

"माझी डावी. नऊ वर्षं झालीं. यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नाहीं, मुलालासुद्धां नाहीं." आणि मग डोळे पुसतां पुसतांच त्यांना हंसूं फुटलें. "म्हणजे दोघी मिळून एक पुरी झालों!"

बाहेर मंडळी ताटकळत होती. आंत आम्ही दोघी एकमेकींना हात वर करून दाखवीत होतों, कोणाचा किती जातो तें. आणि त्यांचा हात भिंतीवरील नातीच्या खुणेच्याहि वर गेला. जातांना त्यांनीं मुलाला गाडींत बसवून सर्व कांहीं सांगितलें असें पुढें कळलें. तो बराच वेळ बोलला नाहीं, आणि मग म्हणाला, "आई, नऊ वर्षं तूं एकटीनं कशी काढलीस?"

लग्न मार्गशीर्षांत झालें. चुडा भरण्यासाठीं कासार आला. सूज पुरती न उतरल्यामुळें आमच्या उजव्या हाताला अडीचची बांगडी लागे आणि डाव्या हाताला सव्वादोनची. कासार कुरकुरूं लागला, कीं निम्मा निम्मा जोड तो कोणाला विकणार? विहीणबाईंनीं शांतपणें आपलेहि दोन्ही हात पुढें केले. त्यांचा सुजलेला हात डावा. एक डझन अडीचच्या आणि एक डझन सव्वादोनच्या अशा हिरव्या बांगड्या आम्हीं घेतल्या आणि दोघींत वांटून घातल्या. एकहि शिल्लक उरली नाहीं.